ठिणगी कुठे हरवली?
(होडीच्या जुन्या यंत्राच्या निमित्ताने तर्कशास्त्राचा एक पाठ)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी लेख लिहायचा म्हटला म्हणजे तो एखाद्या कादंबरीचा परिचय असेल, नाहीतर सहलीचे वर्णन असेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी लिहिणार आहे ते होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड यंत्राबद्दल. विज्ञान शाखेतील मित्रांना हे अतिक्रमण वाटेल आणि माझ्या वर्गातील मित्रांना कंटाळवाणे वाटेल, याची मला कल्पना आहे. पण तर्कशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहून घेतलेल्या आणि परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या पाच पद्धतींचा अर्थ मला वर्गात कळला नाही. तो कळला एका जुन्या, तेलकट, आठ अश्वशक्तीच्या यंत्रासमोर बसून. तो अनुभव व त्यातून शिकलेला तपासाचा क्रम येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

१. प्रसंग

माझे मामा कर्ली खाडीत मासेमारी करतात. देवबागच्या टोकाला ही कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी खाडीचे सगळे पाणी त्या मुखातून बाहेर धावते आणि बाहेरून येणाऱ्या लाटा मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर फुटतात. ज्याने हे पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. ज्याने पाहिले नाही त्याने एवढेच लक्षात घ्यावे की तिथे यंत्र बंद पडलेली होडी वल्ह्यांच्या जोरावर मागे आणणे दोन माणसांना जमण्यासारखे नाही.

गेल्या हिवाळ्यातील सुटीत मामा आणि मी जाळे उचलून परत येत होतो. ओहोटी लागली होती. एकाएकी यंत्राचा आवाज बदलला. आधी ते खोकल्यासारखे अडखळले, मग त्याचा जोर निम्म्यावर आला आणि शेवटी ते बंद पडले. मामांनी आठ-दहा वेळा दोरी ओढली, पण उपयोग झाला नाही. होडी हळूहळू मुखाकडे सरकू लागली. मामांनी नांगर टाकला. तो वाळूत थोडा घसरला आणि मग धरला. आम्ही दोघेही काही बोलत नव्हतो. पंधरा-वीस मिनिटांनी मामांनी पुन्हा दोरी ओढली, तेव्हा यंत्र पहिल्याच झटक्याला सुरू झाले, जणू काही झालेच नव्हते!

आम्ही सुखरूप घरी आलो. रात्री जेवताना मामा म्हणाले, "सर शिकवतत ता सगळा खरा असात, पण ह्या मशीन कित्याक बंद पडता ता सांगशीत काय?"

मी गप्प बसलो. प्रश्न साधा होता आणि त्याच्या उत्तरावर दोन माणसांचा जीव अवलंबून होता. एवढ्या महत्त्वाचा प्रश्न मला कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नव्हता.

२. ठिणगी पडते कशी?

दोष शोधण्यापूर्वी निर्दोष यंत्र कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. हा भाग थोडक्यात सांगतो.

मामांचे यंत्र दोन सिलिंडरचे व टू-स्ट्रोक जातीचे आहे. दोन्ही सिलिंडर एकावर एक, म्हणजे एक वर व एक खाली, असे बसवलेले असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल, वंगणाचे तेल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते पेटते. टू-स्ट्रोक यंत्रात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. यंत्र मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरला सेकंदाला ७५ ठिणग्या हव्यात.

होडीवर बॅटरी नसताना ही वीज येते कुठून? ती यंत्र स्वतःच तयार करते. वर जे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील असते, त्याच्या आतल्या बाजूला लोहचुंबक बसवलेले असतात. चाक फिरले की हे चुंबक खालच्या स्थिर कॉइलवरून जातात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीजप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. त्या तत्त्वावर चालणाऱ्या या रचनेला मॅग्नेटो म्हणतात. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी आपल्या आउटबोर्ड यंत्रांचा व्यवसाय सुरू केला. आमच्या खाडीतल्या यंत्राचे घराणे असे शंभर वर्षांहून जुने आहे.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. पहिली जाड तारेची, थोड्या वेढ्यांची असते आणि दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची असते. पहिल्या गुंडाळीचा मार्ग 'पॉइंट' नावाच्या दोन लहान धातूच्या टिकल्यांमधून पुरा होतो. टिकल्या चिकटलेल्या असताना प्रवाह वाहतो. फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा योग्य क्षणी त्यांना उघडतो आणि प्रवाह एकदम तुटतो. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या गुंडाळीत दहा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होतो. हाच दाब प्लगच्या फटीत ठिणगी होऊन उडी मारतो. पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून शक्ती वाया जाऊ नये व प्रवाह झटकन तुटावा, हे त्याचे काम.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत, कारण पुढचा सगळा तपास त्यांच्यावर उभा आहे.

पहिली गोष्ट अशी की अशा जुन्या यंत्रात बहुधा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र कंडेन्सर व स्वतंत्र प्लग असतो. फ्लायव्हील, बंद करण्याचे बटण, पेट्रोलची टाकी आणि आमच्या यंत्रासारख्या लहान यंत्रात कार्बोरेटर, या गोष्टी मात्र दोघांत सामाईक असतात.

दुसरी गोष्ट बंद करण्याच्या बटणाची. घरातील दिव्याचे बटण बंद केले की मार्ग तुटतो. मॅग्नेटोचे बटण याच्या नेमके उलट वागते. ते दाबले की पहिल्या गुंडाळीची वीज यंत्राच्या धातूच्या अंगात उतरते आणि पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही. म्हणजे इथे तार तुटल्याने यंत्र बंद पडत नाही, तार नको तिथे टेकल्याने बंद पडते. खाऱ्या हवेत त्या तारेचे वेष्टण कुजले आणि ती कुठे अंगाला लागली, तर कोणीही बटण न दाबता यंत्र बंद होते.

३. माझी पहिली चूक

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने कामाला लागलो. दोन्ही प्लग काढून घासले. कार्बोरेटर उघडून धुतला. झाकण काढून पॉइंट पुसले. जुने पेट्रोल ओतून नवे भरले. मग खाडीत काठाकाठाने दहा मिनिटे फेरी मारली. यंत्र उत्तम चालले. कार्बोरेटरच्या तळाशी थोडा गाळ सापडला होता, म्हणून मी मामांना ठामपणे सांगितले की दोष कार्बोरेटरचा होता व तो आता गेला आहे.

चार दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडले. या वेळी दैवाने भरती होती.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. साध्या भाषेत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. कार्बोरेटर धुतल्यानंतर यंत्र चालले, म्हणून धुतल्यामुळे चालले, असे मी मानले. खरे तर ते थंड झाले होते म्हणून चालले होते आणि दहा मिनिटांनंतर ते कसे वागले असते हे मी पाहिलेच नव्हते. शिवाय एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यामुळे, त्यांतली एखादी खरोखर उपयोगी पडली असती तरी ती कोणती, हे मला कधीच कळले नसते. वर्गात हा तर्कदोष मी उदाहरणासह लिहून दहापैकी आठ गुण मिळवले होते!

त्यानंतर यंत्र एका अनुभवी मेकॅनिककडे नेले. त्यांनी मीटर लावून दोन्ही कॉइलचा रोध मोजला, दोन्ही प्लगची ठिणगी पाहिली आणि 'इग्निशन ठीक आहे' असे सांगितले. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. यंत्र त्यांच्यापुढे थंड होते, आणि ते केव्हा बंद पडते हे आम्ही त्यांना नीट सांगितले नव्हते. रोग्याने लक्षण सांगितले नाही तर वैद्याला दोष कसा द्यायचा?

४. तपासाचा क्रम

आता मी वही काढली आणि ठरवले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर काय झाले ते लिहायचे आणि त्यानंतरच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या आहेत, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या.

तपासाच्या आधी सुरक्षिततेच्या चार सूचना देणे माझे कर्तव्य आहे. सांडलेले पेट्रोल पुसून, वाफ निघून गेल्याखेरीज ठिणगी पाहू नये. ठिणगी पाहताना प्लगची भोके चिंधीने झाकावीत आणि ठिणगी त्यांच्यापासून दूर पाडावी. चालू यंत्राच्या प्लगची तार हाताने ओढू नये. तो झटका जबर असतो आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर या कामाच्या जवळही येऊ नये. शेवटची सूचना म्हणजे दोरी ओढण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे पाहावे. पंखा कोणाचीही भीड ठेवत नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा की दोष ठिणगीचा आहे की दुसरा कसला? मिश्रण, दाब आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय यंत्र चालत नाही. यंत्र बंद पडताच दोन्ही प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी, कोरडे टोक हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. दोन्ही प्लग कोरडे ठणठणीत असतील तर पेट्रोल पोचत नसावे. प्लग ओला व पेट्रोलचा वास येणारा असेल तर मिश्रण येते आहे पण जळत नाही. अशा वेळी ठिणगीवर संशय घ्यावा. मात्र चोक जास्त ओढल्यानेही प्लग भिजतो, हे विसरू नये. दाबासाठी मापक असल्यास उत्तम. दोन्ही सिलिंडरचा दाब जवळजवळ सारखा आला पाहिजे. एकाचा दाब फारच कमी असेल तर ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आमच्या यंत्रात दोन्ही दाब सारखे आले. बंद पडल्यावर लगेच काढलेल्या प्लगपैकी वरचा तपकिरी व कोरडा होता आणि खालचा काळा व ओला होता.

या एका निरीक्षणाने अर्धे काम झाले. पेट्रोल, टाकी, कार्बोरेटर, फ्लायव्हील या गोष्टी दोन्ही सिलिंडरना सामाईक आहेत. दोष त्यांच्यात असता तर दोन्ही सिलिंडरना त्रास झाला असता. एक बरा आणि एक आजारी असेल, तर कारण त्या दोघांत जे वेगळे आहे त्यात शोधले पाहिजे. हीच मिलची व्यतिरेक पद्धती. परिस्थिती सगळी सारखी असावी, फरक एकाच गोष्टीत असावा, आणि कार्य एके ठिकाणी घडावे व दुसऱ्या ठिकाणी घडू नये. दोन सिलिंडरचे यंत्र म्हणजे या पद्धतीचा जिवंत नमुनाच आहे. निसर्गात असा जुळा भाऊ तुलनेसाठी क्वचितच मिळतो.

५. थंड यंत्राची साक्ष

दुसरा प्रश्न यंत्र केव्हा बंद पडते हा. वहीतली नोंद अशी आहे : सकाळी थंड असताना सुरू केले तर सुमारे वीस मिनिटांनी खालचा सिलिंडर मरतो. पाव तास थांबून पुन्हा सुरू केले तर आठ मिनिटांतच मरतो. तासभर विश्रांती दिली की पुन्हा वीस मिनिटांच्या जवळपास चालते. एक बदलले की दुसरेही त्या प्रमाणात बदलते, ही सहचारी परिवर्तन पद्धती. इथे उष्णता आणि दोष यांची जोडी उघड दिसत होती.

(ही चाचणी भर खाडीत करू नये. आम्ही ती काठाजवळ, उथळ पाण्यात, सोबतीला दुसरी होडी घेऊन केली.)

आता थंड यंत्राच्या चाचण्या खोट्या का ठरल्या हे सांगता येईल. त्याची दोन कारणे आहेत.

प्लग बाहेर काढून, त्याचे अंग यंत्राला टेकवून, दोरी ओढून ठिणगी पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. पण प्लगची फट एक मिलिमीटरहून लहान असते आणि मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडायला फारसा दाब लागत नाही. सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलेले असते आणि तिथे तीच फट ओलांडायला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. म्हणून अशक्त कॉइलसुद्धा बाहेर ठिणगी दाखवते आणि आत गेल्यावर हरते. उंबरठ्यावर चाललेल्या माणसाला डोंगर चढता येईलच असे नाही. यासाठी मोठ्या फटीचे ठिणगी-परीक्षक वापरावे. त्याची फट सहा-एक मिलिमीटर ठेवावी. मॅग्नेटो चांगला असेल तर दोरीच्या जोरदार ओढीला निळसर, कडकडीत ठिणगी ही फट ओलांडते. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी असेल तर समजावे की पाणी मुरते आहे.

दुसरे कारण मीटरचे. साधा मल्टिमीटर अगदी थोड्या व्होल्टने गुंडाळीचा रोध मोजतो. तार तुटली असेल तर तो ते बरोबर सांगतो. पण कॉइलच्या वेष्टणाला केसाएवढी चीर गेली असेल आणि हजारो व्होल्ट आल्यावरच वीज त्या चिरेतून पळत असेल, तर ती गोष्ट त्याला दिसत नाही. मीटर खोटे बोलत नाही, पण आपण जेवढे विचारतो तेवढेच तो सांगतो. यंत्र गरम असताना दोष येत असेल, तर प्रश्नही यंत्र गरम असतानाच विचारला पाहिजे.

आम्ही यंत्र वीस मिनिटे चालवले, ते अडखळताच बंद केले, हातमोजे घालून प्लग काढले आणि परीक्षक लावला. वरच्या तारेची ठिणगी सहा मिलिमीटर ओलांडत होती. खालच्या तारेची मधूनमधून एखादी पिवळी रेघ दिसे, बाकी काही नाही. ठिणगी हरवते हे आता नक्की झाले. कुठे हरवते, एवढेच उरले.

६. अदलाबदल

आता सोप्याकडून अवघडाकडे जायचे. ज्या भागाला हात लावायला पाना पुरतो तो आधी पाहायचा. ज्यासाठी फ्लायव्हील काढावे लागते तो नंतर.

प्लग : खालचा प्लग वर व वरचा खाली बसवला. दोष प्लगबरोबर वर गेला नाही, खालीच राहिला. म्हणून प्लग निर्दोष.

बटणाची तार : ही सुटी करून ठेवली. दोष असता तर सुटी केल्यावर ठिणगी परत आली असती. ती आली नाही. (तार सुटी केल्यावर बटणाने यंत्र बंद होत नाही. तेव्हा चोक ओढून किंवा पेट्रोल तोडून ते कसे बंद करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. आम्ही ठरवले नव्हते आणि मामांची बोलणी खाल्ली.)

पॉइंट : अनेक यंत्रांत फ्लायव्हीलला ठेवलेल्या खिडकीतून हे पाहता येतात. टिकल्यांवर खाऱ्या हवेचा थर किंवा तेलाचा अंश असला तर प्रवाह अडतो. लहान कानशीने हलकेच घासून, स्पिरिट लावलेल्या कोऱ्या जाड कागदाने पुसावे. पॉलिश पेपरचे कण मागे राहतात, म्हणून तो टाळावा. पूर्ण उघडल्यावर दोन टिकल्यांतील अंतर फीलर गेजने मोजावे. जुन्या यंत्रांत ते साधारणपणे ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते, पण नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेतच पाहावा. अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. आमचे पॉइंट साफ केले, अंतर जुळवले, वीस मिनिटे चालवले. दोष तसाच.

यापुढे फ्लायव्हील काढणे भाग होते. ते पुलर नावाच्या ओढणीने काढावे. दांड्यावर हातोडा मारण्याचा मोह आवरावा, नाहीतर आतली बेअरिंग दुखावतात. फ्लायव्हील निघाल्यावर त्याला दांड्यावर नेमक्या जागी धरणारी छोटी चावी अवश्य पाहावी. पंखा दगडावर आपटला असेल किंवा वरचा नट ढिला राहिला असेल, तर ही चावी कापली जाते, चाक किंचित सरकते आणि चांगली ठिणगी चुकीच्या वेळी पडू लागते. आमची चावी शाबूत होती.

कंडेन्सर : वरचा खाली व खालचा वर लावला. सगळे परत बसवून, नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळून, पुन्हा खाडीत वीस मिनिटे. दोष खालीच राहिला, तेव्हा कंडेन्सरही सुटला.

कॉइल : आता हीच उरली होती. पण उरली म्हणून दोषी ठरवायचे नाही असे मी मनाशी ठरवले होते. तिचीही अदलाबदल केली. कॉइलचे लोखंडी टोक फिरत्या चुंबकाला घासू नये आणि फार लांबही राहू नये, म्हणून पूर्वीच्या खुणेवर नीट बसवली. तिसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात घातली. मी घड्याळ हातात धरून बसलो होतो. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली, अठरा झाली. मग तो ओळखीचा खोकला आला. प्लग काढले. खालचा तपकिरी आणि कोरडा होता. वरचा काळा आणि ओला होता.

दोष कॉइलबरोबर वर चढला होता!

यंत्र बिघडल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. कॉइल काढून, पुसून, उन्हात तिरकी धरली तेव्हा वेष्टणावर केसासारखी एक चीर दिसली. थंड असताना ती मिटलेली राहत असावी, आणि गरम झाल्यावर उघडून वीज प्लगकडे जाण्याऐवजी तिथूनच पळत असावी. ही चीर आधीही तिथेच होती. आम्ही दोन वेळा तिच्यावरून फडके फिरवले होते. पण कुठे पाहायचे ते कळल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

मामांना सांगितले. ते म्हणाले, "मगे आधी कित्या नाय सांगलंस?"

मी म्हटले, "मामानू, आधी माकाच खय ठावक होता?"

नवी कॉइल घातली. तिची किंमत आम्ही तोपर्यंत विनाकारण घेतलेल्या प्लग, पेट्रोल आणि इतर सामानापेक्षा कमी भरली.

७. पॉइंट नसलेली यंत्रे

पॉइंटची यंत्रे आता कमी झाली आहेत. त्यानंतरच्या अनेक यंत्रांत सी. डी. आय. पद्धती आली. हिच्यात फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल एका बंद पेटीतील कंडेन्सरमध्ये काही शे व्होल्टची वीज साठवते. ट्रिगर कॉइलने इशारा दिला की पेटी ती वीज एकदम इग्निशन कॉइलमध्ये सोडते आणि ठिणगी पडते. घासणारे पॉइंट नसल्यामुळे कटकट कमी, पण पेटी उघडून आत पाहता येत नाही. त्यामुळे यंत्र बंद पडले की पेटीच बदला, असा सल्ला सहज दिला जातो. बहुधा तीच सर्वांत महाग असते.

इथे मिलची अवशेष पद्धती उपयोगी पडते. ज्या गोष्टींचा निकाल लागला त्या वजा करत जायच्या, जे उरेल ते कारण. पण तिची अट कडक आहे. बाकीच्या सगळ्या गोष्टींची खरोखर तपासणी झालेली असली पाहिजे. बटणाची तार सुटी करून पाहिली का? जोडण्यांवरचा हिरवा गंज काढला का? इग्निशन कॉइलची अदलाबदल केली का? चार्ज कॉइल व ट्रिगर कॉइल यांचा रोध पुस्तिकेतील आकड्यांशी ताडला का? या यंत्रांतील वीज क्षणिक ठोक्यांच्या रूपात येते. साधा मीटर तिचे माप चुकीचे दाखवतो, म्हणून सर्वोच्च दाब मोजणारे साधन लागते, ते वापरले का? या सर्व प्रश्नांना 'होय' असे उत्तर असेल तरच उरलेल्या पेटीवर बोट ठेवावे. ठिणगी पाहताना ज्या तारा वापरात नसतील त्या यंत्राच्या अंगाला जोडून ठेवाव्यात. वाट न मिळालेली वीज पेटीलाच इजा करू शकते.

८. समारोप

या सगळ्या उद्योगातून मी काय शिकलो, असे कोणी विचारील. मी काही मेकॅनिक झालो नाही. पण 'मला वाटते' आणि 'मला माहीत आहे' यांत किती अंतर आहे ते मी हाताने मोजले. कार्बोरेटरविषयी मला वाटत होते. कॉइलविषयी मला माहीत झाले. दोन्ही वेळा माझा आवाज सारखाच ठाम होता, हे आठवले की आजही लाज वाटते. पहिल्या वेळी माझ्या त्या ठामपणावर विश्वास ठेवून मामा पुन्हा खाडीत गेले होते, आणि तेव्हा भरती होती ही केवळ दैवाची कृपा.

आपण कला शाखेचे विद्यार्थी इतिहासातल्या घटनांची कारणे सांगतो, समाजातल्या दोषांची कारणे सांगतो. तिथे अदलाबदल करून पाहायला दुसरा सिलिंडर नसतो आणि चूक झाली तर होडी लगेच वाहून जात नाही. म्हणूनच कदाचित आपण इतक्या सहज कारणे सांगतो. माझ्यापुरते मी ठरवले आहे की निबंधात 'यामुळे' हा शब्द लिहिण्यापूर्वी एकदा त्या कॉइलवरची चीर आठवायची.

मामांच्या यंत्राच्या झाकणाच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मी तपासाचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून दिला आहे. त्याच्या खाली मामांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली आहे, आणि ती माझ्या सगळ्या लेखापेक्षा शहाणपणाची आहे, असे मला वाटते : "आधी नांगर टाक, मगे इचार कर."